अफवेची थकबाकी

चिंचपोकळी स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून सातरस्त्याच्या दिशेनं चालू लागलं की साने गुरुजी मार्गावर महापालिकेचं कस्तुरबा रुग्णालय लागतं. जुन्या लालबागकरांच्या तोंडी हा रस्ता अजून आर्थर रोडच आहे आणि हे रुग्णालय म्हणजे पूर्वीचं आर्थर रोड हॉस्पिटल. मुंबईत साथ कुठलीही येवो, तिचं पहिलं बिऱ्हाड इथं पडतं. मार्च २०२० मध्ये शहरातले पहिले करोनाचे रुग्ण इथंच आणले गेले. २०२२ च्या दिवाळीनंतर गोवंडीच्या वस्त्यांतली गोवरानं फणफणलेली पोरं इथंच दाखल झाली. आणि २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार याच रुग्णालयावर चालून आले होते. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचं निदान केल्याला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. गिरणगावात बोललं जात होतं ते असं, की आत नेलेल्या माणसाला मारतात आणि त्याच्या देहातून मोमिआई नावाचं औषध काढतात. राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं होतं, त्याचा राग शमावा म्हणून मजुरांची काळजं विलायतेला धाडायची आहेत, असंही म्हटलं जात होतं.

आज हे वाचताना हसू येतं, आणि तिथंच आपली पहिली चूक होते. त्या कामगारांना काय दिसत होतं, ते आधी पाहावं. महापालिका आयुक्त स्नो यांनी ६ ऑक्टोबरला जाहीरनामा काढून रोग्याला घरातून हलवण्याचा अधिकार हातात घेतला होता. शेजारच्या खोलीतल्या माणसाला जांघेत गाठ येई, ताप चढे, मग शिपाई येत आणि त्याला घेऊन जात. बहुतेक रोगी शेवटच्या अवस्थेतच सापडत, कारण घरचे तोवर लपवत. त्यामुळे आत गेलेला सहसा जिवंत परत येत नसे. चाळीच्या जिन्यावर उभं राहून पाहणाऱ्याला एवढंच कळत होतं की नेलेला माणूस परतत नाही, आणि हे निरीक्षण बहुतांशी खरं होतं. खोटं होतं ते त्याचं कारण. खरं कारण सांगायला कुणी आलं नाही, जे आले ते हुकूम घेऊन आले, म्हणून मोकळी राहिलेली जागा मोमिआईनं भरली. दुसऱ्याच दिवशी स्नो यांनी हुकूम सैल केला. ते दयेपोटी घडलं असं समजायचं कारण नाही. जबरदस्ती वाढली तर सफाई कामगार शहर सोडून जातील आणि मग प्लेगाहून मोठं संकट उभं राहील, ही पालिकेची धास्ती होती.

लसीबद्दलच्या गैरसमजांवर आपल्याकडे जे बोललं जातं त्याचा सूर ठरलेला असतो: लोक अडाणी आहेत, त्यांना माहिती कमी आहे, ती पुरवली की प्रश्न मिटेल. म्हणून पोस्टर, म्हणून जिंगल, म्हणून ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असं बजावणारे फलक. मुंबईचा सव्वादोनशे वर्षांचा अनुभव वेगळं सांगतो. अफवा ही बहुतेक वेळा माहितीची तूट नसून हिशेबाची थकबाकी असते. ज्या संस्थेनं काल काही घेतलं आणि त्याचा जाब दिला नाही, तिनं आज पुढे केलेल्या सुईवर कालची बाकी चढते. ती फेडल्याशिवाय नवं कितीही शास्त्र ऐकवलं, तरी ते व्याजातच जमा होतं.

लसीचा या देशातला इतिहास मुंबईतूनच सुरू होतो. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला इथं देवीची लस टोचली गेली. व्हिएन्नाहून निघालेलं ते द्रव्य बगदाद, बसरा असं मजल दरमजल करत मुंबईत पोचलं होतं. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी टोचणी, आणि पुढे देशभर पसरलेली साखळी या एका मुलीच्या दंडावरून निघाली. साखळी हा शब्द इथं अक्षरशः घ्यायचा. एका मुलाच्या दंडावर फोड आला की आठवड्याभरानं तो फोडून त्यातली लस दुसऱ्याच्या दंडाला लावत. ज्याच्या फोडातून लस काढायची त्याला दुखायचं, वर त्याचा फायदा काहीच नाही. आणि कुणाच्या अंगातलं पाणी आपल्या लेकराच्या अंगात जातंय हा प्रश्न आईबापाला पडायचाच. या विरोधाला सरकारी कागदांत अंधश्रद्धा आणि जातिभेद अशी नावं मिळाली. जातिभेद त्यात होताच, पण एका दंडावरून दुसऱ्या दंडावर लसीबरोबर उपदंशासारखे रोगही जाऊ शकतात हे युरोपातल्या डॉक्टरांनाही पुढे मान्य करावं लागलं. वासराच्या अंगावर वाढवलेली लस आल्यावर तो धोका गेला, आणि विरोधाचं एक खरं कारणही त्यासोबत गेलं. व्याख्यानं देऊन ते गेलं नसतं.

मराठीनं या काळात एक मजेशीर काम करून ठेवलं आहे. रोगाचं नाव देवी, आणि लस टोचण्याला नाव पडलं ‘देवी काढणं’. माहीमच्या शितळादेवीला थंड नैवेद्य दाखवणारी बाई त्याच आठवड्यात पोराच्या देवी काढून आणायची आणि तिला त्यात विसंगती वाटायची नाही. तिच्या लेखी देवी यायचीच होती, ती मोठ्या रूपात न येता दंडावरच्या एका फोडात आली, एवढंच. आरोग्य खात्यानं हे नाव ठरवलेलं नव्हतं. लोकांनी परकी गोष्ट आपल्या घरात घेतली आणि तिला आपलं नाव दिलं. आज ‘प्रतिपिंड’, ‘समूह प्रतिकारशक्ती’ अशा शब्दांनी भरलेली पत्रकं छापणाऱ्यांनी या दोन शब्दांकडे अधूनमधून पाहावं.

प्लेगच्या लसीची गोष्ट याच शहरातली आणि जास्त गुंतागुंतीची. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस तयार केलेले वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आले. तिथल्या अपुऱ्या जागेत, मूठभर मदतनिसांच्या जोरावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना जेवढी दिली त्याच्या कितीतरी पट मात्रा त्यांनी घेतली, ताप सहन केला, कामही चालू ठेवलं. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळजवळ निम्म्या कैद्यांनी लस घ्यायची तयारी दाखवली. टोचलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला आणि दगावलं कुणी नाही. न टोचलेल्यांपैकी बारा जणांना झाला, त्यातले सहा गेले. शास्त्रज्ञांना हे आकडे पुरेसे बोलके होते. मुंबईला नव्हते. कैद्यांवर केलेला प्रयोग ऐकून खुल्या माणसाला धीर येईल, की आपलीही गणना कैद्यांतच होते आहे असं वाटेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

शहरातला पहिला मोठा समूह लसीकडे वळला तो वेगळ्या वाटेनं. खोजा जमातीचे धर्मगुरू आगाखान तेव्हा विशीचेही जेमतेम होते. त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला दिला, आणि अनुयायांसमोर स्वतःच्या दंडात सुई घेतली; एकदा घेऊन थांबले नाहीत. हजारो खोजांनी त्यांच्यामागून लस घेतली. आता यातून ‘मान्यवरांनी पुढाकार घ्यावा’ एवढाच धडा काढायचा आणि कुणा नटाला जाहिरातीत उभं करायचं, हे सोपं आहे. पण आगाखानांचा दंड चालला याचं कारण तो प्रसिद्ध माणसाचा होता हे नव्हे. ते आधी आणि नंतरही त्याच जमातीत राहणार होते. लसीनं कुणी दगावलं असतं तर त्या घरच्यांना जाब विचारायला दार माहीत होतं. जाहिरातीतल्या नटाचं दार कुणाला माहीत असतं?

त्याच वर्षांत सरकार दुसऱ्या हातानं काय करत होतं, तेही याच वहीत लिहायला हवं. १८९७ चा साथरोग कायदा झाला. तोच कायदा महाराष्ट्रानं मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडसाहेबाच्या घरझडत्यांचा शेवट त्याच्यावरच्या २२ जून १८९७ च्या जीवघेण्या हल्ल्यात झाला. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातल्या एका विणकराच्या घरात आजारी मुलीचा शोध घ्यायला पथक गेलं आणि दंगल पेटली. लस मात्र ऐच्छिक होती. फ्रेझर यांच्या प्लेग आयोगानंही तिची सक्ती सुचवली नाही. तरी लोकांच्या डोळ्यांत झडती घेणारा आणि सुई टोचणारा हे दोन वेगळे साहेब नव्हते. पंजाबात अफवा उठली की सुई हातभर लांब असते, टोचल्यावर माणूस जागीच मरतो किंवा सहा महिन्यांनी मरतो, पुरुषाचं पुरुषत्व जातं, बाई वांझ होते. गंमत अशी की त्याच १८९८ साली ब्रिटिश पार्लमेंटनं, देवीची लस सदसद्विवेकाला पटत नसेल तर मुलाला न टोचण्याची मुभा इंग्रज पालकांना कायद्यानं दिली. तिकडे विवेक, इकडे अडाणीपणा.

मग मुल्कोवाल घडलं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या या गावी १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यातले एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वातानं मेले. लस परळच्या प्रयोगशाळेतली होती; १८९९ पासून हाफकिन यांचं काम गव्हर्नरच्या परळच्या जुन्या वाड्यात चालत होतं. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या चौकशी आयोगानं ठपका प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं. पुरावा दुसरीकडे बोट दाखवत होता. बाटलीचं बूच काढायचा चिमटा टोचणाऱ्या मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय लस परळहून निघतानाच दूषित असती तर बाटली उघडताच तिला वास यायला हवा होता, तो कुणाला आला नव्हता. रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा नामवंतांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र छापलं, तेव्हा कुठं हाफकिन निर्दोष ठरले. संस्थेला त्यांचं नाव १९२५ मध्ये मिळालं. एका माणसावर झालेला अन्याय म्हणून ही कथा नेहमी सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण लसीवरच्या विश्वासाच्या दृष्टीनं पाहिलं तर नुकसान वेगळंच झालं: जमिनीवर पडलेल्या चिमट्याची साधी, कुणालाही समजेल अशी हकीकत लोकांपर्यंत पोचायला जी वर्षं गेली, त्या वर्षांत ‘सुईनं माणसं मरतात’ एवढंच वाक्य गावोगाव फिरत राहिलं.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. लसीनं झालेल्या अपायाची हकीकत अशी चव्हाट्यावर मांडली तर अफवेलाच खाद्य मिळेल. लाखांत एकाला होणारं ऐकून बाकीचे सगळे पळतील. आरोग्य खात्यातल्या चांगल्या, कळकळीच्या माणसांचंही मत असंच असतं. त्यावर गेल्या काही वर्षांतल्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात एका केंद्रावर बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. चूक भयंकर होती. पण ती लगेच जाहीर झाली, काय पाजलं गेलं ते नावानिशी सांगितलं गेलं, जबाबदार कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली आणि मुलं बरी होऊन घरी गेली. लोक संतापले, आणि संतापायलाच हवं होतं. पण संताप त्या बाटलीवर आणि निष्काळजीपणावर राहिला, पोलिओच्या लसीवर उतरला नाही. दुसरी घटना कोविशिल्डची. या लसीनं फार क्वचित रक्तात गुठळ्या होऊ शकतात हे युरोपातल्या औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं होतं. आपल्या केंद्र सरकारनंही १७ मे २०२१ रोजी कळवलं होतं की अशा गुठळ्यांची २६ संभाव्य प्रकरणं आढळली आहेत, म्हणजे दहा लाख मात्रांमागे ०.६१. माहिती दडवली होती असं म्हणता येणार नाही. ती पत्रकात होती; दादरच्या किंवा परळच्या केंद्रावर सुई घेणाऱ्याच्या कानावर गेली नव्हती. म्हणून तीन वर्षांनी ही लस विकसित करणाऱ्या मूळ कंपनीनं लंडनच्या न्यायालयात तीच गोष्ट मान्य केल्याची बातमी आली तेव्हा ती ‘अखेर कबुली’ म्हणून आली, आणि हृदयविकाराच्या प्रत्येक झटक्याचं खापर लसीवर फुटू लागलं. ०.६१ हा आकडा रांगेत उभ्या असलेल्याला सांगितला असता तर फार तर कुणी दोन प्रश्न विचारले असते. तीन वर्षांनी त्याच आकड्याचा बॉम्ब झाला.

लस नाकारणारा तो अडाणीच, या समजाला तर याच शहरानं सुरुंग लावला. १६ जानेवारी २०२१ ला करोनाची लस आली ती फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी, म्हणजे शहरातल्या सर्वांत माहीतगार लोकांसाठी. मुंबईत पहिल्या दिवशी अपेक्षेच्या निम्म्याच्या आसपास आले. कोव्हॅक्सिनचं केंद्र होतं जे. जे. रुग्णालय, आणि तिथला प्रतिसाद सुरुवातीला फारच मंद. जे. जे. म्हणजे हाफकिन यांनी जिथं लस बनवली त्याच ग्रँट मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपनं बिघडवलं होतं का? त्यांची शंका सरळ होती: तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती नसताना ३ जानेवारीला या लसीला परवानगी मिळाली होती. त्यांतले अंतरिम निष्कर्ष ३ मार्चला जाहीर झाले आणि पुढे ही शंका ओसरत गेली. डॉक्टरानं पुरावा मागितला की ती चिकित्सा, आणि गोवंडीतल्या आईनं विचारलं की ‘याच्यानं काय होतं?’ तर ती अफवा, अशी विभागणी आपण करतो. प्रश्न एकच असतो.

मग एप्रिल आला आणि सगळं उलटं झालं. दुसऱ्या लाटेत माणसं मरू लागली, लस पुरेना, केंद्रं बंद पडू लागली. मे महिन्यात दादरच्या कोहिनूर वाहनतळात गाडीतूनच लस द्यायची सोय निघाली तेव्हा शिवाजी पार्कच्या बाजूनं मोटारींच्या रांगा लागल्या. यावरून कुणी म्हणेल, पटवापटवी कशाला, भीती आपोआप पटवते. खरं आहे, पण भीती माणसाला एकदाच रांगेत आणते. नऊ महिन्यांच्या निरोगी मुलाला गोवराच्या लसीसाठी एका मंगळवारी कामाचा खाडा करून नेण्याचं काम भीती करत नाही, कारण गोवर दिसतच नसतो. २०२२ मध्ये गोवंडीत मुलं गेली त्यामागे टाळेबंदीत चुकलेल्या मात्रा होत्या, कुपोषण होतं, गावी जाऊन-येऊन राहणारी कुटुंबं होती. नकारही होता, पण तो या गर्दीत एकटा सापडत नाही. ज्या मायबाईला लसीनंतर मुलाला ताप येईल आणि उद्याची मजुरी बुडेल हे पक्कं ठाऊक आहे, तिला ‘लसीचे फायदे’ सांगणं म्हणजे तिनं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं.

सक्तीच्या बाजूनं बोलणारे १८७७ च्या कायद्याकडे बोट दाखवतात. त्या कायद्यानं मुंबई शहरात मुलांच्या देवी काढणं बंधनकारक झालं, आणि आज देवीचा रोग जगात नाही. मधली जवळजवळ शंभर वर्षं या युक्तिवादात गळून पडतात. कायदा असूनही देवी येतच राहिल्या. १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला तो घरोघर शोध, कळवणाऱ्याला बक्षीस आणि रुग्णाभोवतीच्या सगळ्यांना टोचणं या पद्धतीनं. शेवटच्या टप्प्यात बिहारमध्ये दारं फोडून टोचल्याचेही दाखले आहेत, ते नाकारायचं कारण नाही. तिथं रोग गेला आणि कडवटपणा मागं राहिला. महाराष्ट्राच्या खात्यावर तर आणखी एक मोठी बाकी आहे. नसबंदीचं काम मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर केंद्रं थाटून झालं होतं, आणि १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक या राज्याच्या विधिमंडळानं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. लसीनं वांझपण येतं ही अफवा त्याहून कितीतरी जुनी. पंजाबात ती प्लेगच्याच काळात होती. पण सरकारी आरोग्य खातं आपल्या मुलाबाळांच्या संख्येवर डोळा ठेवून आहे, याचा लेखी पुरावा तिला १९७६ नं दिला. मग २०१८ मध्ये गोवर-रुबेलाच्या मोहिमेत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत टोचायला निघालं आणि काही पालकांनी तीच शंका काढली, तर ती व्हॉट्सॲपनं निर्माण केली असं म्हणणं म्हणजे टपालवाल्यालाच पत्राचा लेखक ठरवणं.

सक्तीचा मुंबईतला ताजा प्रयोग लोकलचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा आणि वर चौदा दिवस झालेल्यालाच पास. अंबरनाथ-नालासोपाऱ्याहून दादरला कामाला येणाऱ्यासाठी याचा अर्थ लस घ्या किंवा नोकरी सोडा. रांगा वाढल्या असणार, यात शंका नाही. मुंबई उच्च न्यायालयानं पुढे हे आदेश काढण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवलं आणि ते बेकायदा असल्याचं म्हटलं. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कुणाला जबरदस्तीनं लस देता येणार नाही; त्याच निकालात लसीच्या दुष्परिणामांच्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवायला सांगितल्या. सक्ती आणि हिशेब यांचा व्यस्त संबंध न्यायालयाला एकाच निकालात दिसला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हिशेब देणाऱ्याला सक्तीची गरज कमी पडते.

दुसरा आक्षेप याहून कठीण. सगळ्याच अफवा घाबरलेल्या माणसाच्या नसतात. काही विकल्या जातात. लसीऐवजी काढा विकणारे आहेत, भीती विकून प्रेक्षक गोळा करणारे आहेत. ॲन्ड्र्यू वेकफील्ड यांनी १९९८ मध्ये गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला तो लेख ‘लॅन्सेट’नं २०१० मध्ये मागं घेतला, तरी त्या एका लेखावर जगभर दुकानं चालली. अशांना समजून घेत बसायचं का? नाही. धंद्याला धंद्यासारखंच उत्तर द्यावं, कायद्यानं. पण त्यांचा माल कुठं खपतो हे पाहिलंच पाहिजे. ३० मे २०२१ ला कांदिवलीच्या एका उच्चभ्रू संकुलात लसीकरण शिबिर भरलं. टोचणाऱ्यांचं रुग्णालयाशी नातं बनावट, बाटलीतलं द्रव्य बनावट. अशा शिबिरांत २,०५३ लोक फसल्याचं राज्य सरकारनं उच्च न्यायालयाला सांगितलं. तिथल्या शिकल्यासवरल्या रहिवाशांना संशय आला तो एवढ्यावरून, की टोचल्यावर कुणालाच ताप आला नाही आणि प्रमाणपत्रं वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावानं आली. म्हणजे ‘ताप येतो’ ही माहिती लोकांच्या डोक्यात होती म्हणून फसवणूक उघडी पडली. दुष्परिणाम मोकळेपणानं सांगितल्यानं लोक पळतात म्हणणाऱ्यांनी हा दाखला जपून ठेवावा.

नकारामागचं खरं कारण शोधण्याची समज पोलिओच्या मोहिमेत हळूहळू, अनुभवानं आली. ‘पल्स पोलिओ’ १९९५ मध्ये सुरू झाला, देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त ठरला. यातलं खरं काम खडूनं झालं. रविवारी बूथवर थेंब पाजायचे, करंगळीला शाई लावायची आणि पुढचे दिवस घरोघर फिरायचं. घरातल्या सगळ्या मुलांना मिळाले असतील तर दारावर ‘पी’, राहिलं असेल किंवा नकार असेल तर ‘एक्स’. ‘एक्स’चं घर सोडायचं नाही, पुन्हा जायचं, वेगळ्या माणसाला घेऊन जायचं. तिसऱ्या फेरीला बहुधा कळायचं की नकार लसीला नाहीच. नळाला आठवडाभर पाणी नाही, गटार तुंबलंय, तक्रार केली तेव्हा कुणी आलं नाही आणि थेंब पाजायला मात्र दहादा येताय, हा राग होता. ती थकबाकीच.

पोलिओच्या कुपीवर एक बारीक चित्र असतं: जांभळट वर्तुळ आणि त्याच्या आत फिका चौकोन. लस उष्णतेत राहिली की चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाच्या रंगाला पोचला की कुपी टाकून द्यायची. शिकलेली असो वा नसो, कुठलीही आई हे स्वतः पाहू शकते, फक्त कुणीतरी कुपी तिच्यासमोर धरून दाखवली पाहिजे. बाटलीनं स्वतःचा दोष स्वतः सांगावा अशी ही सोय, आणि आपण ती कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणापुरतीच ठेवली.

लसीकरणाच्या सत्रात आईला चार गोष्टी सांगायच्या असतात, हे प्रत्येक आरोग्यसेविकेला शिकवलेलं असतं. कोणती लस दिली आणि ती कशासाठी. काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं. पुढं कधी यायचं. आणि कार्ड जपून ठेवून दर वेळी आणायचं. परळ-लालबागच्या पालिका दवाखान्यांत पावसाळ्यानंतरच्या एखाद्या गर्दीच्या सकाळी, बाकावर वीस-पंचवीस बाया, मांडीवर किंचाळणारी पोरं आणि एकटी सेविका, असं चित्र असतं. पहिली गोष्ट घाईत सांगितली जाते. तिसरी कार्डावर लिहून होते आणि चौथी ओरडून. गळते ती दुसरी: ‘आज रात्री ताप येईल, जागा लाल होईल, मूल चिडचिड करेल. हे थेंब इतके द्या, फडकं ओलं करून पुसा, आणि दोन दिवसांत उतरला नाही तर मला या नंबरवर फोन करा.’ हे सांगायला अर्ध्या मिनिटाच्या वर लागत नाही. ते न ऐकता घरी गेलेली बाई रात्री दोनला तापलेल्या मुलाला घेऊन बसते, तेव्हा शेजारीण जे सांगेल ते तिच्यासाठी लसीबद्दलचं पहिलं स्पष्टीकरण असतं.